यकृताचे खासगी पॅकेज आणि सरकारी हिपॅटायटिस कक्ष : एकाच रुग्णावरून केलेले परीक्षण

एका मोठ्या खासगी प्रयोगशाळेचे यकृताच्या आरोग्याचे म्हणून विकले जाणारे तपासणी पॅकेज आणि राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस (विषाणूंमुळे यकृताला येणारी सूज) नियंत्रण कार्यक्रमाखाली आमच्या जिल्ह्यात चालणारे मोफत उपचार केंद्र, अशा दोन सेवांचा अनुभव आमच्या घराने काही महिन्यांच्या अंतराने एकाच रुग्णासाठी घेतला. रुग्ण माझे मामा, वय ६६, माळकरी, आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेले. माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिली सेवा वक्तशीर, देखणी आणि विनम्र आहे, पण यकृताला धोका कशाचा आहे हा प्रश्न ती विचारतच नाही. दुसरी सेवा रखडत चालते, तिच्या दारावर धड पाटीही नाही, पण नेमका तोच प्रश्न ती पहिल्या भेटीत विचारते आणि उत्तर मिळाल्यावर रुग्णाला वाऱ्यावर सोडत नाही.

पॅकेज घेण्याचे कारण साधे होते. मामांना बरेच दिवस थकवा जाणवत होता, जेवण कमी झाले होते, आणि मामेभावाला मोबाइलवर सवलतीची जाहिरात दिसली. दीड हजाराच्या आसपासच्या किमतीत साठाहून अधिक तपासण्या, घरी येऊन रक्त घेणार, अहवाल दुसऱ्या दिवशी. यातील रक्त घेण्याचा भाग खरोखर उत्तम पार पडला, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ठरलेल्या वेळी तरुण तंत्रज्ञ आला, ‘काका, रात्रीच्या जेवणानंतर चहासुद्धा नाही ना घेतला?’ अशी चौकशी केली, सुईचे पाकीट सीलबंद आहे हे दाखवून मगच फोडले, आणि जांभळ्या, पिवळ्या व राखाडी झाकणाच्या नळ्यांवर नाव-वयाचे बारकोड आमच्यासमोरच चिकटवले. नवी सुई समोर फोडणे हा शिष्टाचाराचा भाग नव्हे. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले, हे ज्यांना आठवत असेल त्यांना त्या फाटणाऱ्या पाकिटाचे मोल कळेल. निळ्या झाकणाची नळी मात्र त्याच्या पेटीतून बाहेर आली नाही. रक्त गोठायला किती वेळ लागतो, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, ही तपासणी त्या नळीतील रक्तावर होते, आणि यकृताची खरी कार्यक्षमता सांगणाऱ्या मोजक्या तपासण्यांत तिचा क्रमांक वरचा आहे. यकृताच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये ती नसावी, हे पहिले नवल.

अहवाल सांगितल्या वेळेत आला. यकृताच्या भागात बारा ओळी होत्या आणि जाहिरातीतील तपासण्यांच्या संख्येत त्या बाराही मोजलेल्या होत्या. त्यांतील चार ओळी निव्वळ अंकगणिताच्या होत्या. एकूण बिलिरुबिनमधून डायरेक्ट बिलिरुबिन वजा केले की इनडायरेक्ट मिळते, एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केले की ग्लोब्युलिन मिळते, आणि उरलेल्या दोन ओळी म्हणजे भागाकार करून काढलेली गुणोत्तरे. प्रयोगशाळा या ओळींसाठी वेगळे रक्तही घेत नाही आणि वेगळे रसायनही खर्च करत नाही. वजाबाकीचे पैसे घेऊ नयेत असे माझे म्हणणे नाही, परंतु साठ तपासण्यांच्या मोहाने पॅकेज घेणाऱ्याला हे ठाऊक असावे. मामांचा एसजीपीटी ३६ आणि एसजीओटी ३९ आला. दोन्हींची मर्यादा अहवालात ४० दिली होती, बिलिरुबिन आणि अल्ब्युमिनही मर्यादेत होते. सबब ॲपवर यकृताच्या चित्रापुढे हिरवी खूण उमटली आणि खाली ‘आपले यकृत निरोगी आहे’ असे वाक्य आले.

हे वाक्य लिहिण्याचा अधिकार त्या बारा ओळींपैकी एकीनेही दिलेला नाही. एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आतली विकरे (एन्झाइम) आहेत. यकृतातील पेशी फुटल्या किंवा दुखावल्या की ती रक्तात पाझरतात आणि त्यांचा आकडा वाढतो. म्हणजे हा आकडा सध्या किती पडझड चालली आहे एवढेच सांगतो. पडझड कोण करत आहे आणि आजवर किती झाली आहे, याविषयी तो मौन पाळतो. हिपॅटायटिस सी जुना झालेल्या बऱ्याच रुग्णांत हे आकडे वर्षानुवर्षे मर्यादेत राहतात किंवा थोडे वर जाऊन पुन्हा खाली येतात. जन्मतःच हिपॅटायटिस बीची लागण झालेल्यांत तर एक मोठा कालखंड असा असतो की रक्तात विषाणू कोट्यवधींच्या संख्येने फिरत असतात आणि एसजीपीटी मात्र अगदी शहाण्यासारखा वागतो, कारण शरीराची प्रतिकारशक्ती त्या विषाणूशी अजून झगडायलाच लागलेली नसते. यकृताची हानी पुष्कळदा विषाणू स्वतः करत नाही. विषाणूने व्यापलेल्या पेशींवर आपलीच प्रतिकारशक्ती जो हल्ला चढवते, त्यातून ती होते. उलट, आकडा वाढलेला असला तरी त्याचे कारण हिपॅटायटिसच असते असे नाही. आजकाल आपल्याकडे त्याचे सर्वांत नेहमीचे कारण यकृतातील चरबी हे आहे. वाळवी लागली आहे का हे भिंतीचा रंग पाहून ठरवण्यासारखाच हा प्रकार झाला.

त्यात यकृत हा सोशिक अवयव आहे. प्रौढ माणसात साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचा हा अवयव उजव्या बरगड्यांखाली असतो, त्याच्या आतील भागाला वेदना जाणवत नाही, आणि बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग पित्त, प्रथिने, रक्त गोठवणारे घटक आणि साखरेचा साठा यांची कामे निभावून नेतो. पेशी मरतात त्या जागी व्रणासारखे तंतू तयार होतात, तंतूंची जाळी दाट होते, मधल्या पेशींच्या गाठी बनतात आणि मऊ यकृत हळूहळू निबर होत जाते. त्या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात. निबर यकृतातून रक्त सहज पुढे सरकत नाही, ते मागे तुंबते, प्लीहा फुगते आणि फुगलेल्या प्लीहेत प्लेटलेट अडकून रक्तातील त्यांची संख्या घटते. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, शुद्ध हरपणे, डोळे पिवळे होणे ही सगळी त्यानंतरची लक्षणे. हिपॅटायटिस सीची लागण झालेल्या दर दहांपैकी साधारण सात जणांत ती कायमची ठाण मांडते, आणि अशांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांत सिरॉसिस होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या वीस वर्षांत एखादा ठळक त्रास होईलच असे नाही. थकवा मात्र असतो, आणि थकव्यासाठी आपल्याकडे वयापासून उन्हापर्यंत वाटेल ते कारण हाताशी असते.

आता मामांच्या त्याच अहवालाचे दुसरे पान घ्या. रक्तपेशींच्या भागात प्लेटलेट १,२८,००० होत्या, लाल रंगात, आणि पुढे ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ एवढाच शेरा. यकृताचे पान हिरवे, रक्तपेशींचे पान लाल, आणि दोन्ही पाने एकाच माणसाची आहेत याची ॲपला दाद ना फिर्याद. वास्तविक या पानांवरील आकडे एकत्र करून काढायचे एक साधे सूत्र जगभर वापरले जाते, त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने गुणायचे, आणि प्लेटलेटच्या हजारांतील आकड्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणून आलेल्या संख्येने त्याला भागायचे. मामांच्या बाबतीत ६६ गुणिले ३९ म्हणजे २,५७४, १२८ गुणिले ६ म्हणजे ७६८, भागाकार ३.३५. हा आकडा ३.२५ च्या वर गेला की यकृतात तंतू बरेच वाढले असण्याची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. वय हे सूत्रातच असल्यामुळे वृद्धांत हा आकडा थोडा फुगतो, म्हणून त्याला निदान मानत नाहीत, हे खरे. परंतु गुणोत्तराच्या दोन निरुपद्रवी ओळी छापणाऱ्या प्रयोगशाळेला ही तिसरी, कामाची ओळ छापायला काय हरकत होती? लागणारे सारे आकडे तिच्याच यंत्रांनी मोजलेले होते. माझ्या लेखी हा या पॅकेजचा सर्वांत मोठा दोष आहे, कारण तो खर्चामुळे आलेला नाही, बेफिकिरीमुळे आलेला आहे.

खरी गोष्ट उघडकीस आली ती मोतीबिंदूमुळे. शस्त्रक्रियेच्या आधी नेत्र रुग्णालयाने नेहमीच्या रिवाजाप्रमाणे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांच्या कार्ड तपासण्या केल्या आणि सीचे कार्ड रिॲक्टिव्ह आले. आपल्याकडे अनेकांना हा रोग असाच कळतो, डोळ्याच्या, हर्नियाच्या किंवा बाळंतपणाच्या निमित्ताने. मामांना १९९३ मध्ये मोटारसायकलच्या अपघातानंतर रक्त चढवले होते. हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला १९८९ मध्ये. त्याआधी या काविळीला ‘ए नव्हे, बी नव्हे’ असेच म्हणत. त्यावरील कामासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. दान केलेल्या रक्ताची या विषाणूसाठी तपासणी आपल्या देशात सक्तीची झाली ती मात्र या शतकाच्या सुरुवातीस. तेव्हा त्यापूर्वी ज्यांना रक्त चढले आहे, ज्यांचे वर्षानुवर्षे डायलिसिस चालू आहे, ज्यांनी जत्रेत गोंदवून घेतले आहे किंवा उकळून वापरायच्या काचेच्या सिरिंजच्या जमान्यात भरपूर इंजेक्शने घेतली आहेत, अशा प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेणे योग्य ठरते. पॅकेज नोंदवताना प्रयोगशाळेने उपाशी राहण्याच्या सूचना तीनदा पाठवल्या. ‘पूर्वी कधी रक्त चढवले होते का’ हा प्रश्न एकदाही विचारला नाही.

मामेभावाने त्यांच्या ग्राहक सेवेला फोन करून विचारले की यकृताच्या पॅकेजमध्ये यकृताच्या विषाणूंची तपासणी का नाही. उत्तर अदबशीर होते. त्या तपासण्या शस्त्रक्रियापूर्व पॅकेजमध्ये मिळतात, हव्या असतील तर यकृताच्या पॅकेजला वेगळ्या जोडता येतात, असे सांगण्यात आले. म्हणजे डॉक्टरांच्या हाताला लागण होऊ नये यासाठी जे पॅकेज आहे त्यात विषाणूची तपासणी आहे, आणि रुग्णाच्या यकृतासाठी जे आहे त्यात ती नाही.

नेत्र रुग्णालयाने दिलेली चिठ्ठी घेऊन आम्ही सरकारी उपचार केंद्रात गेलो. केंद्र सरकारने हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू केला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणारे बरूख ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिवस, आणि म्हणूनच जागतिक हिपॅटायटिस दिनही त्याच दिवशी असतो. कार्यक्रमात बी आणि सी यांचे निदान आणि औषधे मोफत आहेत. प्रत्यक्षात केंद्र म्हणजे रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत, क्ष-किरण विभागाच्या मागे असलेली एक खोली. केसपेपर काढल्यावर खिडकीवरील माणसाने आम्हाला आधी मेडिसिनच्या ओपीडीत, तिथून रक्त तपासणीच्या रांगेत आणि तिथून पुन्हा वर पाठवले. पाटी असती तर हा फेरा वाचला असता.

आत गेल्यावर मात्र चित्र पालटले. समुपदेशक ताईंनी मामांना बसवून घेतले आणि पहिलाच प्रश्न केला, ‘काका, कधी रक्त चढवलंय? मोठं ऑपरेशन, डायलिसिस, दात काढणं?’ मग त्यांनी जे सांगितले ते इतक्या सोप्या मराठीत की मामींचाही जीव भांड्यात पडला. कार्ड रिॲक्टिव्ह आले म्हणजे शरीराने कधीतरी या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे बनवली आहेत. विषाणू आजही आहे का, हे त्यावरून कळत नाही. काही जणांत तो आपोआप निघून गेलेला असतो. तो आहे की गेला हे पाहण्यासाठी त्याच्या आरएनएची, म्हणजे जनुकीय द्रव्याची, तपासणी करावी लागते, तिलाच सगळे व्हायरल लोड म्हणतात, आणि खासगीत काही हजार रुपयांना होणारी ती तपासणी इथे फुकट होते. एका ताटात जेवल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, शिंकेने किंवा मिठी मारल्याने हा विषाणू पसरत नाही. मात्र दाढीचे ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश प्रत्येकाचे वेगळे हवेत. नेत्र रुग्णालयातून आल्यापासून मामांचे ताट-वाटी वेगळे ठेवलेले होते, ते त्या संध्याकाळी पुन्हा सर्वांच्या भांड्यांत गेले. माझ्या मते एवढ्या एका संभाषणासाठीही हे केंद्र असायला हवे.

मामींचीही तपासणी तिथेच झाली आणि ती निगेटिव्ह आली. मामांची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची तपासणीही आवर्जून पुन्हा केली, कारण दोन्ही विषाणू एकाच माणसात असतील आणि फक्त सीवर औषध दिले तर दबून बसलेला बी उसळी घेऊ शकतो. आरएनए पॉझिटिव्ह आल्यावर वैद्यकीय महाविद्यालयात फायब्रोस्कॅनसाठी पाठवले. रुग्णाला उताणे झोपवून उजवा हात डोक्यावर घ्यायला सांगतात, बरगड्यांच्या मधे यंत्राचे टोक टेकवतात, हलकी टिचकी बसल्याची जाणीव होते आणि तिची लहर यकृतातून किती वेगाने जाते त्यावरून निबरपणा किलोपास्कलमध्ये निघतो. हिपॅटायटिस सीमध्ये १२.५ च्या वरचा आकडा सिरॉसिसकडे बोट दाखवतो. मामांचा १४ च्या थोडा वर होता. पोटात पाणी नव्हते, कावीळ नव्हती, म्हणजे यकृत अजून काम निभावत होते.

औषधाबद्दल मला विशेष कौतुक आहे. सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटास्विर यांची एक जोडगोळी, रोज एक, बारा आठवडे. याच सोफोसबुव्हिरची किंमत २०१३ मध्ये अमेरिकेत बाजारात येताना बारा आठवड्यांच्या उपचारासाठी ८४,००० डॉलर होती, म्हणजे गोळीला हजार डॉलर. पुढल्या वर्षी भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले, किंमत कोसळली, आणि आता तीच गोळी जिल्ह्याच्या औषध खिडकीवर सही करून मिळते. पूर्वी यासाठी इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षभरापर्यंत घ्यावी लागत, ताप-अंगदुखीने माणूस मेटाकुटीस येई आणि गुण येईलच याची खात्रीही नसे. नव्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. डबी देण्यापूर्वी डॉक्टरांनी मामांच्या बाकीच्या गोळ्या टेबलावर काढायला लावल्या. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन नाही ना, हे पाहिले, कारण त्याच्यासोबत सोफोसबुव्हिर घेतल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. मग त्यांची नजर पँटोप्राझोलच्या पट्टीवर गेली. ‘ही रोज उपाशीपोटी?’ असे विचारून त्यांनी ती बंद केली. पोटातील आम्ल कमी झाले की वेल्पाटास्विर नीट विरघळत नाही आणि रक्तात पुरेसे पोहोचत नाही. आपल्याकडे सकाळी ॲसिडिटीची गोळी घेणे हा दात घासण्याइतका सवयीचा भाग झालेला असताना हा प्रश्न विचारायचा राहून गेला असता तर बारा आठवडे वाया जाण्याची भीती होती. यकृतासाठी म्हणून आणलेले एक चूर्णही पिशवीत निघाले. घटक लिहिलेले नाहीत म्हणून तेही बाजूला ठेवायला सांगितले.

उणिवाही सांगायला हव्यात. आरएनएचा नमुना बाहेर पाठवला जातो आणि अहवाल कधी येईल हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. तो आल्याचा फोनही येत नाही, आपणच जाऊन वहीत पाहायचे. औषध दर महिन्याला एक डबी असे मिळते आणि साठा उशिरा आला तर दूरच्या तालुक्यातील रुग्णाला एसटीचे भाडे पुन्हा खर्चावे लागते. रोजावर जाणाऱ्या माणसाला प्रत्येक भेटीत एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, तेव्हा मोफत हा शब्द तिथे अर्धाच खरा ठरतो. घरी नेऊन वाचावे असे मराठी पत्रक नाही. ताई जे सुरेख सांगतात ते दोन पानांत छापून द्यायला फार खर्च येऊ नये.

त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेल्यांत एक तरुण डोळे हळदीसारखे पिवळे घेऊन आला होता आणि त्याच्या गळ्यात काविळीची माळ होती. ही माळ लांबत जाऊन कमरेपर्यंत आली की कावीळ उतरली असे मानतात. त्याला ज्या प्रकारची कावीळ असण्याची शक्यता अधिक, ती हिपॅटायटिस ए किंवा ई, दूषित पाण्यातून येणारी. २०१२ मध्ये इचलकरंजीत पसरलेली साथ ईची होती. ही दुखणी बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होतात, आणि सारे श्रेय माळेला जाते. माळेने अपाय नाही. अपाय आहे तो तिच्या भरवशावर वेळ घालवण्यात, विशेषतः गरोदर स्त्रीच्या बाबतीत, कारण शेवटच्या तिमाहीत ई प्राणघातक ठरू शकतो. तेल-तूप सोडून फक्त उसाच्या रसावर राहण्याचा सल्लाही जुनाच. त्यात रसवंतीच्या बर्फाचे पाणी कुठले, हे कोणी विचारत नाही.

बीची कथा निराळी आहे आणि पॅकेज विकणाऱ्यांनी सर्वाधिक लक्ष तिकडेच द्यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात बीचे रुग्ण सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचे सुमारे ५५ लाख होते. बीवर लस आहे, सीवर नाही. सी पूर्ण बरा होतो. बीचा विषाणू मात्र यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आपली प्रत ठेवून बसतो, म्हणून टेनोफोव्हिर किंवा एंटेकाव्हिरने तो दाबता येतो, सहसा मुळासकट काढता येत नाही, आणि गोळी वर्षानुवर्षे, मनाने बंद न करता घ्यावी लागते. प्रौढपणी लागण झालेल्यांपैकी ९५ टक्के त्यातून बाहेर पडतात. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांत दहापैकी नऊ जणांना तो कायमचा चिकटतो. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायच्या डोसचे महत्त्व यामुळेच आहे. ही लस आपल्या सार्वत्रिक लसीकरणात देशभर २०११ च्या सुमारास आली, म्हणजे आज जे तिशी-चाळिशीत आहेत त्यांतील बहुतेकांना बाळपणी ती मिळालेली नाही, आणि यकृताची पॅकेजे घेतात ती हीच मंडळी. त्यांना एचबीएसएजी करून, निगेटिव्ह असल्यास शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या तीन डोसांची आठवण करून देणारे पॅकेज निघाले तर मी त्याची जाहिरात फुकट करीन.

तूर्त मात्र मी हे पॅकेज आहे त्या रूपात घेऊ नका असेच सांगेन. मधुमेह, चरबी, दीर्घकाळ चालू असलेली औषधे यांसाठी डॉक्टरांनी यकृताचे आकडे मागितले असतील तर तेवढीच तपासणी करावी, ती स्वस्तात होते. यकृताची काळजी वाटते म्हणून स्वतःहून जात असाल तर एचबीएसएजी (बीसाठी) आणि अँटी-एचसीव्ही (सीच्या प्रतिपिंडांसाठी) ही दोन नावे चिठ्ठीवर लिहून न्यावीत आणि प्लेटलेटसकट आलेला अहवाल ॲपला नव्हे, डॉक्टरांना दाखवावा. रिॲक्टिव्ह आल्यास सरळ सरकारी केंद्र गाठावे. रांगेची तयारी ठेवावी, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी.

गोळ्या संपल्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत मामांच्या रक्तात विषाणू आढळला नाही, म्हणजे हिपॅटायटिस सी बरा झाला. सिरॉसिस मात्र लगेच पुसला जात नाही आणि यकृताच्या कर्करोगाची शक्यता कमी झाली तरी शून्यावर येत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगितले आहे. केंद्राविषयी शेवटची तक्रार इथेच नोंदवतो. बरे झाल्यावरही प्रतिपिंडे रक्तात राहतात, त्यामुळे मामांचे कार्ड पुढेही रिॲक्टिव्हच येत राहणार आणि दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तोच गोंधळ होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे आरएनए निगेटिव्ह असल्याचा सही-शिक्क्याचा कागद. केंद्राने तो आपणहून दिला नाही, निकालाची नोंद फक्त वहीत केली. मागितल्यावर मिळाला. तुम्हीही मागून घ्या, आणि त्याच्या दोन प्रती काढून एक केसपेपरच्या फाइलमध्ये लावा.